खोट कुठवर पोहोचली?

३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या शाळांतील पंचवीस हजारांहून अधिक शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द करणारा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निर्णय मुख्यत्वे कायम ठेवला. ही भरती २०१६ सालची. मूळ उत्तरपत्रिका नष्ट झालेल्या, गुणांत फेरफार केलेला, यादीतला क्रम डावलून नेमणुका दिलेल्या, आणि या सगळ्यावर पांघरूण घालण्याचे प्रयत्नही झालेले. तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने संपूर्ण निवडप्रक्रियेविषयी निष्कर्ष काढताना जे इंग्रजी क्रियापद वापरले ते रोजच्या बोलण्यात सहसा कानांवर पडत नाही : व्हिशिएट. ही प्रक्रिया दुरुस्त होण्यापलीकडे व्हिशिएट झाली आहे, असे न्यायालयाने म्हटले.

त्याआधी साधारण आठ महिने, २३ जुलै २०२४ रोजी, याच न्यायालयापुढे वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा प्रश्न होता. तेवीस लाखांहून अधिक मुलांनी ती परीक्षा दिली होती. हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटली होती, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. फुटलेली प्रश्नपत्रिका देशभर पसरून संपूर्ण परीक्षाच नासली, असे दाखवणारा पुरावा समोर नव्हता; ज्यांनी गैरफायदा घेतला त्यांना इतरांपासून वेगळे काढणे शक्य होते.

एका ठिकाणी सगळे रद्द, दुसऱ्या ठिकाणी सगळे कायम. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन निर्णयांमागे कसोटी मात्र एकच आहे : खोट सापडली हे खरे, पण ती कुठवर पोहोचली? चांगले आणि वाईट अजून निवडून वेगळे करता येते का? हा प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजीने घडवलेले क्रियापद म्हणजे व्हिशिएट. कायदा, विज्ञान, तर्कशास्त्र किंवा पत्रकारिता यांतले इंग्रजी गंभीरपणे वाचणाऱ्या मराठी वाचकाने ते नीट शिकून घ्यावे इतके ते मोलाचे आहे. शब्दकोशात त्याच्यासमोर ‘दूषित करणे, बिघडवणे, अवैध ठरवणे’ असे अर्थ सापडतात. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्हींनी काम अर्धेच होते. एकच शब्द हवेलाही लागतो, कराराला लागतो आणि युक्तिवादालाही लागतो, तो का, हे त्या अर्थांवरून कळत नाही.

सुरुवात उच्चारापासून करू. लिहिताना व्ही, आय, टी, आय, ए, टी, ई अशी सात अक्षरे. पहिल्यांदा पाहणारा मराठी वाचक बहुधा ‘व्हिटिएट’ किंवा ‘व्हायटिएट’ असे वाचतो. पण मधल्या टी आणि आय यांचा मिळून ‘शि’ होतो, जसा ‘इनिशिएट’ किंवा ‘निगोशिएट’ या शब्दांत होतो. एकदा हे दोन ओळखीचे शब्द शेजारी ठेवले की उच्चार पक्का बसतो.

दुसरी अडचण दिसण्याची आहे. शब्दाचा आरंभ ‘व्हायटल’ आणि ‘व्हिटॅमिन’ यांच्यासारखा दिसतो, त्यामुळे काहीतरी जोम, जीवन, ताकद असा अर्थ असावा असे वाटून जाते. अर्थ नेमका उलट दिशेचा आहे. ‘व्हायटल’ हा शब्द जीवन या अर्थाच्या ‘व्हिटा’ या लॅटिन शब्दातून आला. त्याच ‘व्हिटा’वरून पोलंडमध्ये जन्मलेल्या कासिमिर फुंक या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवले. ‘व्हिशिएट’ मात्र ‘व्हिटियम’ या लॅटिन शब्दाचा वंशज. व्हिटियम म्हणजे दोष, उणीव, खोट. इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकापासून वापरात आहे.

याच व्हिटियममधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘व्हाइस’ आला, म्हणजे दुर्गुण किंवा व्यसन. त्याचे विशेषण ‘व्हिशस’. येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. कुलगुरूंच्या इंग्रजी पदनामातला, ‘व्हाइस चान्सलर’मधला ‘व्हाइस’ याच्या नात्यातला नाही. तो ‘च्या ऐवजी’ किंवा ‘च्या जागी’ या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दातून आला आहे. लोहार आणि फिटर ज्या शेगड्यात काम घट्ट धरतात त्या अवजाराचे इंग्रजी नाव उच्चाराला तेच असले, तरी ते द्राक्षवेलीच्या लॅटिन नावावरून आले, कारण त्याचा आटे पडलेला स्क्रू वेलीसारखा वळसे घेतो. दिसायला-ऐकायला एक असलेल्या या तिघांची घराणी वेगळी आहेत, आणि व्हिशिएटचे नाते फक्त पहिल्याशी आहे.

प्राचीन रोममध्ये ‘व्हिटियम’ हा धर्मविधीतला आणि राज्यकारभारातला पारिभाषिक शब्द होता. निवडणूक घेण्याआधी, युद्धाला निघण्याआधी पक्ष्यांच्या उड्डाणावरून किंवा आकाशातल्या खुणांवरून देवांचा कौल घेतला जाई. त्या कौलाच्या विधीत चूक राहिली तर तिला व्हिटियम म्हणत, आणि अशा सदोष विधीनंतर निवडून आलेल्या अधिकाऱ्यांची निवडच सदोष मानली जाई. इ. स. पूर्व १६२ मधले एक प्रकरण सिसेरोने ‘देवांच्या स्वरूपाविषयी’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. टायबेरियस ग्रॅकस या कॉन्सुलने पुढच्या वर्षाच्या कॉन्सुलांची निवडणूक घेतली. मते नोंदवून सांगणारा एक अधिकारी जागच्या जागी मरण पावला. सिनेटने इट्रुरियातल्या शकुनवेत्त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी निवडणूक घेणाऱ्याकडे दोष दाखवला. ग्रॅकस भडकला आणि या परक्यांना रोमचे विधी काय कळणार, म्हणून त्याने त्यांना वाटेला लावले. पुढे आपल्या प्रांतात असताना धर्मविधींचे ग्रंथ वाचता वाचता त्याला आठवले, की निवडणुकीच्या काळात सिनेटच्या बैठकीसाठी त्याने शहराची पवित्र सीमा ओलांडली होती आणि परतताना पुन्हा कौल घ्यायचा राहून गेला होता. त्याने हे स्वतःहून रोमला कळवले. निवडून आलेल्या दोघा कॉन्सुलांनी, स्किपिओ नासिका आणि फिगुलस यांनी, राजीनामा दिला.

यात कुणी मते विकत घेतली नव्हती, मतमोजणीतही गडबड नव्हती. निवडून आलेल्या दोघांचा तर काहीच अपराध नव्हता. पण सुरुवातीच्या विधीत राहिलेली खोट पुढच्या प्रत्येक पायरीत उतरली होती. व्हिशिएट या क्रियापदाने ही रचना आजवर जपली आहे : उगमापाशी एक दोष, आणि त्यातून निपजलेले सगळे बाधित.

येथे मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे. इंग्रजीत गुणवत्ता घसरण्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्रियापद म्हणजे ‘डिटिरिओरेट’. प्रकृती, रस्ता, संबंध, हवामान हे सगळे आपोआप, हळूहळू डिटिरिओरेट होते. ते कुणी केले हे सांगावे लागत नाही. व्हिशिएट असे चालत नाही. त्याला कर्ता लागतो आणि कर्म लागते. अमुक दोषाने तमुक गोष्ट व्हिशिएट केली, किंवा तमुक गोष्ट अमुक दोषामुळे व्हिशिएट झाली. मराठीत हा भेद क्रियापदाच्या रूपातच दिसतो : बिघडणे आणि बिघडवणे, नासणे आणि नासवणे. पहिल्या रूपाच्या जागी डिटिरिओरेट, दुसऱ्या रूपाच्या जवळ व्हिशिएट, एवढे ध्यानात ठेवले तरी वाक्यरचनेतल्या बऱ्याच चुका टळतात.

फरक वेगाचाही आहे. डिटिरिओरेट होणाऱ्या गोष्टीत पायऱ्या असतात. काल बरी होती, आज थोडी वाईट, उद्या आणखी. व्हिशिएटमध्ये बहुतेक वेळा प्रमाणाला फारसे महत्त्व नसते. मराठीत ‘दुधात मिठाचा खडा पडणे’ म्हणतात तेव्हा खडा किती मोठा होता हे कुणी विचारत नाही. खडा लहानसा, दूध पातेलेभर, आणि नासते ते सगळे.

मात्र प्रत्येक खडा दूध नासवतोच असे नाही. कोणता दोष संपूर्ण व्यवहार बाधित करतो आणि कोणता नाही, हे ठरवण्यात कायद्याची फार मोठी शक्ती खर्च होते, आणि म्हणूनच या क्रियापदाचे खरे घर कायद्यात आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १० नुसार करारासाठी दोन्ही पक्षांची मुक्त संमती लागते. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, कपट, चुकीची माहिती आणि चूक, ही संमतीला बाधा आणणारी कारणे कलम १४ पासून पुढे येतात. कायद्याच्या वर्गात विद्यार्थी त्यांना एकत्रितपणे व्हिशिएट करणारे घटक या नावानेच ओळखतात.

या कायद्यातल्या कलम १९ ची दोन उदाहरणे हा शब्द शिकण्यासाठी फार उपयोगी आहेत. पहिल्यात एक माणूस दुसऱ्याला फसवण्याच्या हेतूने सांगतो, की आपल्या कारखान्यात वर्षाला पाचशे मण नीळ तयार होते. त्यावर विसंबून दुसरा कारखाना विकत घेतो. हा करार फसलेल्या माणसाला हवा तर रद्द करता येतो. दुसऱ्या उदाहरणात आकडा तोच, पाचशे मण, आणि तोही खोटाच. पण येथे घेणारा कारखान्याच्या हिशेबवह्या तपासतो. वह्यांत वर्षाला चारशेच मण नीळ दिसते. ते पाहूनही तो कारखाना घेतो. मग चुकीच्या माहितीचे कारण पुढे करून त्याला करार मोडता येत नाही.

दोन्ही उदाहरणांत चुकीची माहिती दिली गेलीच. फरक एवढाच, की पहिल्यात ती घेणाऱ्याच्या संमतीत शिरली आणि दुसऱ्यात शिरू शकली नाही. ज्या कपटामुळे किंवा चुकीच्या माहितीमुळे संमती दिली गेली नाही, त्यामुळे करार रद्द करण्याजोगा होत नाही, असे याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. दोष असणे वेगळे आणि दोषाने व्यवहार बाधित होणे वेगळे. व्हिशिएटचा अर्थ या दोन गोष्टींमधल्या जागेत आहे.

न्यायालयाची फसवणूक झाली, तर मात्र कायदा फार कठोर होतो. १९५६ साली लॅझरस इस्टेट्सच्या खटल्यात इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी कपटाबद्दल हेच क्रियापद वापरले होते. कपट सिद्ध झाले की निवाडे, करार आणि सगळेच व्यवहार त्याने बाधित होतात, असे त्यांचे म्हणणे. भारतात या तत्त्वासाठी चेंगलवराया नायडू खटल्याचा दाखला वारंवार दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाने तो ऑक्टोबर १९९३ मध्ये निकाली काढला. एका माणसाने न्यायालयीन लिलावात मालकासाठी मालमत्ता घेतली होती आणि तिच्यावरचा आपला हक्क नोंदणीकृत दस्ताने सोडूनही दिला होता. नंतर त्याच मालमत्तेच्या वाटपाचा दावा लावताना त्याने तो दस्त न्यायालयापुढे आणलाच नाही, आणि हुकूमनामा मिळवला. उच्च न्यायालयाचे मत असे पडले, की वादीवर तो दस्त दाखवण्याचे बंधन नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. महत्त्वाचा कागद दडवणे हीच न्यायालयाची फसवणूक आहे, आणि अशा फसवणुकीतून मिळवलेला हुकूमनामा मुळातच शून्य आहे, असे त्याने ठरवले. एका दडवलेल्या कागदाने बाकीची सगळी कार्यवाही निरर्थक झाली.

फौजदारी कायद्यात तर या क्रियापदाची दोन रूपे शेजारशेजारच्या कलमांची शीर्षके झाली आहेत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ४६० म्हणजे कार्यवाही व्हिशिएट न करणाऱ्या अनियमितता, आणि कलम ४६१ म्हणजे ती व्हिशिएट करणाऱ्या अनियमितता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे ५०६ आणि ५०७ या क्रमांकांनी आली. अधिकार नसलेल्या दंडाधिकाऱ्याने चुकून, पण सद्‌हेतूने, झडतीचे वॉरंट काढले, तर केवळ तेवढ्यामुळे पुढची कार्यवाही रद्द होत नाही. पण अधिकार नसताना त्याने आरोपीवर खटला चालवला किंवा अपिलाचा निर्णय दिला, तर ती कार्यवाही शून्य. झडती ही वाटेवरची पायरी आहे. खटला आणि निर्णय हे न्यायदानाचे काळीज आहे. कायद्याच्या अभ्यासकाने या दोन कलमांची यादी समोर ठेवून प्रत्येक बाबीला ‘ही इकडे का आणि ती तिकडे का’ असा प्रश्न विचारावा. या शब्दासाठी यापेक्षा चांगला सराव सापडणार नाही.

निवडणुकांच्या कायद्यातही असाच भेद आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० प्रमाणे विजयी उमेदवाराने स्वतः भ्रष्ट आचरण केल्याचे सिद्ध झाले, तर त्याची निवडणूक रद्द होते. मग मतांचा फरक कितीही मोठा असो. इतर काही त्रुटींसाठी मात्र निकालावर खरोखर परिणाम झाला, हे दाखवावे लागते. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण १९८७ सालच्या विलेपार्ले पोटनिवडणुकीचे. प्रचारात धर्माच्या नावावर मते मागितल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने विजयी उमेदवाराची निवड रद्द केली आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

कायद्याबाहेर या शब्दाने सर्वांत मोठा प्रवास केला तो हवेच्या संगतीने. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत, श्वासोच्छ्वासाने किंवा ज्वलनाने निकामी झालेल्या हवेला ‘व्हिशिएटेड एअर’ म्हणत. बंद भांड्यात मेणबत्ती काही वेळाने विझते, हे सर्वांना माहीत होते. त्या भांड्यातली हवा कमी होत नाही, तरी ती जळणाला आणि जगण्याला पुरत नाही, हे कोडे होते. इंग्लंडमधल्या जोसेफ प्रिस्टलीने १७ ऑगस्ट १७७१ रोजी, मेणबत्ती विझलेल्या अशा हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. २७ ऑगस्टला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळाली. वनस्पती बिघडलेली हवा पुन्हा सुधारते, हा शोध त्यातून निघाला. तो १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने प्रिस्टलीला कोप्ली पदक दिले. ऑक्सिजन तेव्हा अजून ओळखला गेला नव्हता. त्यामुळे ‘हवेला काय झाले’ यापेक्षा ‘हवा बाधित झाली’ एवढेच सांगणारा शब्द त्या काळाला सोयीचा होता.

पुढच्या शतकात म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर याने या बाधेला माप दिले. आपण ताजी हवा आत घेतो, तेव्हा तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड अगदी नगण्य. बाहेर सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर येतो आणि कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास जातो. माणसांनी भरलेल्या खोलीत तो साठत राहतो. १८५८ मध्ये पेटेनकोफरने राहत्या खोलीसाठी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा हजारात एक भाग अशी सुचवली. एवढा वायू स्वतः घातक आहे, असे त्याचे म्हणणे नव्हते. माणसांच्या शरीरातून आणि श्वासातून हवेत मिसळणाऱ्या इतर गोष्टींची ती खूण आहे, असे तो सांगत होता. वर्गखोल्या आणि कार्यालये किती हवेशीर आहेत हे पाहताना आजही दशलक्षात हजार भाग हा आकडा पुढे येतो. तो म्हणजे पेटेनकोफरचीच मर्यादा.

इतका जुना शब्दप्रयोग आता संपला असेल असे वाटेल, पण तो अत्याधुनिक प्रयोगशाळांत आजही वापरला जातो. स्क्रॅमजेट इंजिने आवाजाच्या पाचपट किंवा अधिक वेगाने उडताना बाहेरची हवा ओढून इंधन जाळतात. इस्रोने ऑगस्ट २०१६ मध्ये श्रीहरिकोटाहून अशा इंजिनांची उड्डाणचाचणी घेतली होती. जमिनीवर चाचणी करायची, तर त्या वेगाला तापते तितकीच तापलेली हवा इंजिनात सोडावी लागते. ती तापवण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे त्या हवेतच हायड्रोजनसारखे इंधन जाळणे. त्यात ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून तो वरून भरून काढतात आणि प्रमाण पुन्हा २१ टक्क्यांवर आणतात. तरीही अभियंते तिला ‘व्हिशिएटेड एअर’च म्हणतात, कारण ज्वलनात तयार झालेली पाण्याची वाफ तिच्यात उरलेली असते आणि तिने इंजिनातले पेटणे व जळणे बदलते. ऑक्सिजनचा आकडा बरोबर आहे, हवा मात्र आकाशातली नाही. चाचणीचे निष्कर्ष उड्डाणाला लावताना हा फरक हिशेबात धरावा लागतो.

हवेवरून हा शब्द वातावरणावर गेला. वातावरण या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, पृथ्वीभोवतीचे आवरण आणि माणसांमधली मनःस्थिती, इंग्रजीतही तसेच. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत व्हिशिएट सर्वाधिक भेटते ते याच दुसऱ्या अर्थाने. निवडणुकीच्या काळात एका पक्षाने दुसऱ्यावर वातावरण व्हिशिएट केल्याचा आरोप करणे, दंगलीनंतर पोलिसांनी अफवांनी वातावरण व्हिशिएट होऊ नये म्हणून आवाहन करणे, हे नित्याचे. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या बातम्यांत हा प्रयोग क्वचित दिसतो. तो चुकीचा नाही, पण येथे शब्दाची धार कमी झालेली असते. नेमका कोणता दोष, तो कशात शिरला आणि त्याने काय निकामी केले, हे सांगण्याची जबाबदारी लिहिणारा टाळतो. संपादकीय विभागात काम करणाऱ्यांनी अशा वाक्यापाशी थांबून बातमी हे तीन प्रश्न सोडवते का, ते पाहायला हवे.

तर्कशास्त्रात हीच धार लख्ख दिसते. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणाऱ्या युक्तिवादाला लॅटिनमध्ये ‘सर्क्युलस व्हिशिओसस’ म्हणत, म्हणजे सदोष वर्तुळ. त्याचे इंग्रजी रूप ‘व्हिशस सर्कल’. आपण त्याला दुष्टचक्र म्हणतो. मूळ अर्थात त्या वर्तुळात दुष्टपणा नव्हता, तर्काची खोट होती. नव्या काळातला असा दोष म्हणजे सदोष नमुना. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली. त्यांवरून आल्फ लँडन जिंकणार, असे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून घेतली होती, आणि महामंदीच्या त्या वर्षांत हा वर्ग साऱ्या देशासारखा मत देणारा नव्हता. उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांतही फरक होता. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता. निवडीतला दोष नमुना मोठा केल्याने धुऊन निघत नाही. वीस लाख उत्तरांनी तो फक्त अधिक ठामपणे मांडला गेला.

मग हा शब्द शिकायचा कसा? शब्दसंग्रहाचे अभ्यासक आणि न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले प्राध्यापक पॉल नेशन यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात शब्द येण्याचे तीन भाग मांडले : रूप, अर्थ आणि वापर. व्हिशिएटच्या बाबतीत रूप एका बैठकीत जमते. अर्थही दोन उदाहरणांत कळतो. वेळ लागतो तो वापराला, म्हणजे हा शब्द कोणाच्या संगतीत बसतो ते ओळखायला. संमती, करार, कार्यवाही, निवड, निष्कर्ष, युक्तिवाद, हवा, वातावरण ही त्याची नेहमीची कर्मे. दूध, भाजी, मोबाइलची बॅटरी, रस्ता यांना तो लावला तर वाक्य कानाला खटकते. त्यांच्यासाठी इंग्रजीत साधी क्रियापदे आहेत आणि तीच वापरावीत. बोलताना तर तो सहसा टाळावा. कपटाने झालेला करार रद्द करता येतो, एवढे साध्या शब्दांत सांगता येत असेल तिथे हा जड शब्द फक्त अंतर वाढवतो.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की नव्याने पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वाधिक वेगाने विसरले जाते, आणि अंतरा-अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. म्हणून वहीत शब्द आणि अर्थ अशी जोडी लिहून ठेवण्यापेक्षा, आपल्या कामातले एक खरे वाक्य लिहावे आणि काही दिवसांनी ते न पाहता पुन्हा लिहावे. वकिली शिकणाऱ्याने नीळ कारखान्याचे दुसरे उदाहरण घेऊन, खोटी माहिती असूनही करार बाधित का झाला नाही, ते एका वाक्यात मांडावे. संशोधकाने आपल्या सर्वेक्षणातल्या कोणत्या त्रुटीने निष्कर्ष बाधित होतील आणि कोणत्या त्रुटीने होणार नाहीत, ते दोन वाक्यांत लिहावे. नकारी वाक्य मुद्दाम लिहावे, कारण इंग्रजी कायद्याच्या भाषेत हे क्रियापद ‘व्हिशिएट करत नाही’ या रूपातही तितकेच भेटते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक साधन आता सहज हाताशी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालपत्रांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. एकाच निकालाचे इंग्रजी आणि मराठी पान शेजारी ठेवावे, इंग्रजीत व्हिशिएट कुठे आले ते शोधावे आणि अनुवादकाने त्या जागी काय लिहिले ते पाहावे. दूषित, बाधित, अवैध, निष्प्रभ असे निरनिराळे शब्द त्या-त्या वाक्यात कसे बसतात किंवा कुठे कमी पडतात, हे अशा पाच-सहा जागा पाहिल्यावर दिसू लागते.